पाण्याची गोळी, हार्मोन आणि न झालेली पोटॅशियमची तपासणी

हृदयाचे ठोके बिघडू नयेत म्हणून हार्मोन रोखणारी गोळी आलीय, अशा अर्थाचे मेसेज आणि व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात. कुणी त्याला क्रांती म्हणतं, कुणी 'हार्मोनची गोळी म्हणजे विष' म्हणून घाबरवतं. दोघंही एक गोष्ट सांगत नाहीत. यातली मूळ गोळी नवी नाहीच. साठ वर्षांहून जुनी आहे, तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये आत्ता या क्षणी आहे, आणि शक्यता अशी की तुमच्याच घरातल्या कुणा आजी-आजोबांच्या डब्यातून ती 'पाण्याची गोळी' या नावाने रोज सकाळी पोटात जातेय. मी औषधाच्या काउंटरमागे बरीच वर्षं उभा राहिलेला माणूस आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कुणी काय घ्यावं हे सांगणार नाही. पण ही गोळी कशी लिहिली जाते, कशी विकली जाते आणि तिच्याबरोबर जे व्हायला हवं ते कसं होत नाही, यावर बोलायचा मला पूर्ण हक्क आहे. पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा.

आधी हार्मोन कोणता ते. हार्मोन म्हटलं की आपल्याला थायरॉइड आठवतं, इन्सुलिन आठवतं. इथे विषय आहे अल्डोस्टेरॉनचा. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यातून हा पाझरतो. त्याचं काम साधं: मीठ अंगात धरून ठेवायचं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायचं. मीठ दुर्मिळ होतं त्या काळात माणूस याच्या जोरावर तगला. आता ताटात पापड आहे, लोणचं आहे, संध्याकाळी फरसाण आहे, आणि ग्रंथी मात्र जुन्याच आहेत. परिणाम म्हणजे रक्तदाब. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं.

पण हा हार्मोन गरजेपेक्षा जास्त झाला की हृदयाच्या स्नायूतही उद्योग करतो. तिथे चिवट तंतू साचतात, वरचे कप्पे ताणले जातात, कडक होतात. हृदयातली वीज एका सरळ लाटेसारखी जायला हवी, ती या तंतूंमध्ये अडखळते आणि तिचे भोवरे होतात. मग वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, डॉक्टर मंडळी 'एएफ' म्हणतात. नाडी हाताला लागते ती कशीही: दोन ठोके पटापट, मग एक गाळलेला, मग तीन. पेशंट सांगतो 'छातीत पाखरू फडफडतंय'. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही. आणि थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या प्रसिद्ध दीर्घ अभ्यासाने दाखवलं होतं की एएफ असलेल्या माणसाला हा धोका साधारण पाचपट असतो. म्हणून हा विषय 'जरा धडधडतंय' एवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही.

आता या हार्मोनचा आणि ठोक्यांचा संबंध किती पक्का? २००५ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एक साधी तुलना छापली. एका बाजूला ज्यांच्या ग्रंथीच जादा अल्डोस्टेरॉन बनवतात असे रक्तदाबाचे रुग्ण, दुसऱ्या बाजूला तेवढाच रक्तदाब असलेले पण हा दोष नसलेले. पहिल्या गटात ७.३ टक्क्यांना एएफ, दुसऱ्यात ०.६ टक्क्यांना. बारापट. रक्तदाब सारखाच असताना. म्हणजे नुसता रक्तदाब दोषी नाही, हार्मोन स्वतःही दोषी आहे. आणि हा ग्रंथीचा दोष फार दुर्मिळ आहे असं समजू नका, रक्तदाबाच्या शंभर रुग्णांत पाच-दहा जणांना तो सापडतो. सापडतो म्हणजे शोधला तर. आपल्याकडे शोधतो कोण? खासगी लॅबमध्ये ही तपासणी काही हजारांची, आणि सरकारी ओपीडीत तिचं नावही निघत नाही. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय एंडोक्राइन सोसायटीने तर रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी एकदा तरी व्हावी असं सुचवलंय.

हा हार्मोन रोखणारी जुनी गोळी म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन. तिची धाकटी बहीण एप्लेरेनोन. आणि आता आलेली महागडी चुलत बहीण फिनेरेनोन, जिला अमेरिकेत जुलै २०२१ मध्ये परवानगी मिळाली. स्पायरोनोलॅक्टोनचं पेटंट कधीच संपलंय. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. महिन्याचा खर्च गावातल्या माणसाला झेपेल असा आहे.

१९९९ मध्ये 'रेल्स' नावाची चाचणी आली. हृदयाचं पंपिंग फार कमी झालेले १,६६३ रुग्ण. नेहमीच्या उपचारात निम्म्यांना स्पायरोनोलॅक्टोन जोडलं, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटात ४६ टक्के लोक गेले, औषधाच्या गटात ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. शंभरात अकरा जीव, तेही चार आण्याच्या किमतीच्या जुन्या गोळीने! मग २०११ मध्ये एप्लेरेनोनची 'एम्फसिस' चाचणी आली, तिच्यातल्या आकडेवारीवरून पुढच्या वर्षी ठोक्यांचा हिशोब निघाला. आधी एएफ नसलेल्या रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांत २.७ टक्क्यांना नव्याने एएफ झालं, न घेणाऱ्यांत ४.५ टक्क्यांना. फिनेरेनोनचंही तसंच: मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत ३.२ टक्के विरुद्ध ४.५ टक्के.

इथे जरा थांबा, कारण खरी गंमत इथेच आहे. हेच आकडे हॉटेलच्या हॉलमध्ये, जेवणाआधीच्या स्लाइडवर कसे येतात माहितेय? 'एएफचा धोका ४२ टक्क्यांनी कमी.' 'धोका २९ टक्क्यांनी कमी.' खोटं नाही हो. ४.५ चे २.७ झाले की सापेक्ष घट तेवढीच येते. पण पेशंटच्या भाषेत सांगायचं तर असं: हृदय कमजोर असलेल्या साधारण पंचावन्न जणांनी दोनेक वर्षं गोळी घेतली तर त्यातल्या एकाचा एएफ टळला. पंचावन्नातला एक. हृदय कमजोर असलेल्याने ती गोळी घ्यावीच, कारण तिचा जीव वाचवण्याचा फायदा वेगळा आणि मोठा आहे, ठोक्यांचा फायदा वरकड. पण ज्याचं हृदय धडधाकट आहे, ज्याला नुसती अधूनमधून धडधड होते, त्याला हाच '४२ टक्के' दाखवून गोळी सुरू करणं ही शुद्ध लबाडी आहे. त्याच्यासाठी हा आकडा निघालेलाच नाही.

आणि ज्या चाचण्या फसल्या त्या स्लाइडवर का येत नाहीत? इटलीतली 'गिसी-एएफ', २००९. ज्यांना एएफ आधीच होऊन गेलंय असे १,४४२ रुग्ण. याच हार्मोन-साखळीतला दुसरा दुवा रोखणारं वाल्सार्टन दिलं. परत एएफ झालं किती जणांना? औषध घेणाऱ्यांत ५१.४ टक्के, न घेणाऱ्यांत ५२.१. म्हणजे काहीच फरक नाही. ब्रिटनमध्ये सरकारी पैशातून 'इम्प्रेस-एएफ' झाली, कायमचा एएफ झालेल्या अडीचशे लोकांना दोन वर्षं स्पायरोनोलॅक्टोन दिलं, त्यांची चालण्या-फिरण्याची ताकद काही वाढली नाही. २०२४ मध्ये हार्ट अटॅकनंतर सरसकट स्पायरोनोलॅक्टोन द्यावं का हे सात हजारांवर रुग्णांत पाहिलं, मुख्य कसोटीवर तेही उतरलं नाही. यातून एवढंच कळतं की आग लागण्याआधी गवत ओलं करता येतं, घर पेटल्यावर तेच पाणी पुरत नाही. ज्यांचं हृदय कमजोर झालंय, ज्यांचा रक्तदाब तीन औषधांना दाद देत नाही, ज्यांच्या ग्रंथीच बिघडल्यात, त्यांच्यात हा हार्मोन रोखायला अर्थ आहे. एएफ झालेल्याने 'हार्मोनची गोळी चालू आहे ना' म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सोडणं म्हणजे अर्धांगवायूला आवतण. हे वाक्य फॉरवर्ड करायचं असेल तर करा.

आता काउंटरच्या अलीकडचं सांगतो. आपल्याकडे स्पायरोनोलॅक्टोन एकटी फार कमी विकली जाते. ती येते जोडीने. एकाच गोळीत फ्रुसेमाइड किंवा टॉर्सेमाइड आणि सोबत ही. अक्षरशः जोडगोळी. पायाला सूज आली, दम लागला, लिहिली जोडगोळी. पेशंट म्हणतो 'पाण्याची द्या', कधी 'लघवीची द्या'. त्यात हार्मोन रोखणारं औषध आहे हे त्याला माहीत नसतं. वाईट याचं वाटतं की कधी कधी लिहिणाऱ्याच्याही ते ध्यानात नसतं. 'रेल्स'मध्ये सुरुवात २५ मिलिग्रॅमने होती आणि सरासरी डोस २६ होता. आपल्याकडच्या पुष्कळ जोडगोळ्यांत स्पायरोनोलॅक्टोन थेट ५० आहे. सूज उतरत नाही म्हणून डॉक्टर टॉर्सेमाइड वाढवायला 'दोन घ्या' म्हणतात, की स्पायरोनोलॅक्टोन आपोआप १००. कुणी ठरवलं नव्हतं, पण झालं.

यात भीती पोटॅशियमची. हार्मोन पोटॅशियम बाहेर टाकतो, हार्मोन रोखला की पोटॅशियम आत साठतं. आणि पोटॅशियम प्रमाणाबाहेर वाढलं की हृदय थांबतं. बघा कसं आहे ते: ठोके सुधारायला घेतलेली गोळी, तपासणीशिवाय घेतली तर ठोकेच बंद पाडू शकते. हे मी रंगवून सांगत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात हे होऊन गेलंय. 'रेल्स' छापून आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी उत्साहाने स्पायरोनोलॅक्टोन लिहायला घेतलं. हृदय कमजोर असलेल्या वृद्धांमध्ये पोटॅशियम वाढून भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, २००१ मध्ये ११ झालं. त्यातून मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर गेले. औषध तेच होतं, चाचणीतही तेच होतं. पण चाचणीतले रुग्ण निवडलेले, त्यांचं रक्त ठरल्या दिवशी तपासलेलं. बाहेर तसं कुणी केलं नाही. ही कॅनडा आहे, जिथे तपासणी फुकट आहे आणि दवाखान्यात फोन उचलतात.

आपल्या आजोबांचा विचार करा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू, तेही पोटॅशियम वाढवतं. सुजेसाठी जोडगोळी. गुडघे दुखतात म्हणून माझ्यासारख्याच एखाद्याच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफिनॅक, जी मूत्रपिंडावर ताण आणते. कुणीतरी सांगितलं म्हणून कमी सोडियमचं मीठ, म्हणजे त्यात पोटॅशियमच भरलेलं. आणि अशक्तपणा वाटतो म्हणून सुनेने प्रेमाने रोज आणलेलं शहाळं. सगळ्यांची नियत चांगली. एकत्र केलं की बॉम्ब. उलट्या-जुलाब झाले आणि मूत्रपिंड दोन दिवस रुसलं की तो फुटतो. वर डिगॉक्सिन चालू असेल तर त्याची रक्तातली पातळीही ही गोळी वाढवते. पुरुषांना छातीत गाठ किंवा दुखरेपणा येतो, 'रेल्स'मध्ये दहातल्या एकाला आला होता. लाजेपायी ते कुणाला सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात. मग सूज परत, दम परत.

उपाय माहीत आहे आणि तो सोपा आहे. गोळी सुरू करण्याआधी पोटॅशियम आणि क्रिएटिनीन बघायचं. आठवड्याभरात परत. महिन्याने परत. मग दर तीन-चार महिन्यांनी. बस एवढंच. हे विज्ञान नाही, शिस्त आहे. आणि नेमकी ही शिस्त गरिबाला परवडत नाही, कारण गोळी पाच रुपयांची आणि तपासणी पाचशेची, वर तालुक्याला जायचा एक दिवसाचा रोज बुडतो. म्हणून मी म्हणतो की प्रश्न गोळीचा नाहीच.

सरकारी कार्यक्रमाकडे बघा. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या काही राज्यांत होता. काम चांगलं झालंय, आकसाने बोलत नाही. ठरलेली तीन औषधं, पायऱ्या-पायऱ्यांनी वाढवायची, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लघवीचं औषध. आणि तिन्ही देऊनही रक्तदाब हलला नाही तर? तर 'वर पाठवा'. वर म्हणजे कुठे? जो वर जाऊ शकतो तो आधीच गेलेला असतो. २०१५ मध्ये ब्रिटनच्या 'पाथवे-२' चाचणीने दाखवलंय की तीन औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात चौथं औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन बाकीच्यांपेक्षा सरस ठरतं. दहा वर्षं झाली. नेमका हा रुग्ण, जिद्दी रक्तदाबाचा, ज्याचा वरचा कप्पा हळूहळू ताणला जातोय, हाच उद्या एएफ घेऊन येणार आणि परवा अर्धांगवायू. त्याच्यासाठी पायरीच संपते.

अर्धांगवायू झाला की मात्र सगळं जागं होतं. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतची सोय आहे, कार्ड आहे, फोटो आहे, बॅनर आहे. ती योजना भरती झालेल्यासाठी. ओपीडीतली गोळी आणि सहा महिन्यांतल्या तीन रक्ततपासण्या तिच्यात बसत नाहीत. पडल्यावर पाच लाख, पडू नये म्हणून पाचशेही नाहीत. यात कुणाचा फायदा आहे ते मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, जी या सगळ्या चर्चेत कुणी काढतच नाही. वरच्या चाचण्यांतला रुग्ण बहुतेक सत्तरीकडे झुकलेला, रक्तदाबाने किंवा हार्ट अटॅकने हृदय थकलेला, युरोप-अमेरिकेतला. आपल्याकडचा एएफचा रुग्ण कोण? इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या नोंदवहीत सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघालं, आणि जवळपास निम्म्यांना संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, पेनिसिलीन मिळालं नाही, आणि चाळिशीत एएफ. त्यात बायका पुष्कळ. या बाईच्या हृदयात स्पायरोनोलॅक्टोनने काय फरक पडतो, हे वरच्या कुठल्याही चाचणीचा विषयच नव्हतं. ब्रिटनने आपल्या रुग्णांसाठी सरकारी पैसा घालून उत्तर शोधलं, उत्तर 'नाही' आलं तरी छापलं. आपल्याकडे या प्रश्नावर पैसा कोण घालणार? पेटंट संपलेल्या गोळीवर कंपनी कशाला घालेल? तिला फिनेरेनोन विकायचंय, आणि त्यात गैर काही नाही, धंदा आहे तिचा. गैर हे आहे की आपल्या आरोग्य संशोधनाचा अजेंडाही धंद्याच्या मागे चालतो. आयसीएमआरकडे डॉक्टर आहेत, मेडिकल कॉलेजं आहेत, झडपेचे रुग्ण तर दुर्दैवाने हवे तेवढे आहेत.

काही डॉक्टर मित्र म्हणतील, अरे, ग्रामीण भागात चौथं औषध दिलंस आणि तपासणी झाली नाही तर ओंटारिओ इथेच होईल. बरोबर आहे. पण मग उद्यापासून त्या जोडगोळ्याही बंद करा ना! त्या तर आजही तपासणीशिवायच चालल्यात, रोज, सगळीकडे. तपासणी नाही म्हणून औषध देत नाही हा शहाणपणा फक्त सरकारी केंद्रापुरताच का? बाहेरच्या दवाखान्यात तीच गोळी दुप्पट डोसमध्ये, आंधळेपणाने दिली जाते, आणि तिथे कुणाला ओंटारिओ आठवत नाही.

मागणी म्हणून सांगायचं तर मोठं काही नाही. ग्रामीण रुग्णालयात पोटॅशियम आणि क्रिएटिनीनचा रिपोर्ट त्याच दिवशी पेशंटच्या हातात पडावा, आठवड्याने लॅबवरून येणारा रिपोर्ट या गोळीच्या कामाचा नाही. जोडगोळीच्या पाकिटावर मराठीत ठळक लिहावं की यात पोटॅशियम वाढवणारं औषध आहे. एनसीडी क्लिनिकमध्ये रक्तदाब घेताना नर्सताईंनी अर्धा मिनिट नाडीवरही बोटं ठेवावीत, ठोके कसेही पडताना दिसले की ईसीजी. याला यंत्र लागत नाही, घड्याळ लागतं. आणि हे झालं की मग चौथी पायरी लिहा, २५ मिलिग्रॅमची, एकटी, जोडीशिवाय.

तोवर घरी एवढं करा. औषधांचा डबा उघडा आणि पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. 'स्पायरोनोलॅक्टोन' किंवा 'एप्लेरेनोन' दिसलं तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, अजिबात नाही. फक्त शेवटचा पोटॅशियमचा रिपोर्ट कोणत्या तारखेचा आहे ते शोधा. तीन-चार महिन्यांपेक्षा जुना असेल, किंवा सापडलाच नाही, तर या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन ती तपासणी मागून घ्या. आणि तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हा रिपोर्ट किती दिवसांनी मिळतो ते खाली कमेंटमध्ये लिहा, तालुक्याच्या नावासकट. यादी झाली की जिल्हा शल्यचिकित्सकांकडे घेऊन जाऊ.